गोलंदाज : घरचा आणि बाहेरचा

'गोलंदाज' हा शब्द आज कानी पडला, की डोळ्यांपुढे पांढऱ्या कपड्यांतला, हातात लाल चेंडू घेतलेला खेळाडू उभा राहतो. परंतु हा शब्द क्रिकेटने घडविलेला नाही. तो तोफखान्याकडून उसना घेतलेला आहे. तोफेत गोळा भरून नेम धरणारा तो गोलंदाज. वराळ्यासारख्या मावळातल्या गावी बोलताना हा जुना अर्थ विसरून चालणार नाही. कारण त्या जुन्या गोलंदाजांनी आपले एक मोठे काम येथून जवळच केलेले आहे.

१७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्याच्या रोखाने निघाली. कार्ल्यापाशी कॅप्टन स्ट्यूअर्ट, ज्याला आपल्या लोकांनी 'इष्टूर फाकडा' म्हटले, तो पडला. पुढे तळेगावी येऊन पाहतात तो गाव जळालेला, दाणावैरणीचा पत्ता नाही. रात्रीच्या अंधारात अवजड तोफा तळ्यात लोटून फौज मागे वळली आणि वडगावास कोंडली गेली. तेथे तिला तह पत्करावा लागला. या मोहिमेत पेशव्यांच्या तोफखान्यावर भिवराव पानसे होते. तोफखान्याची सरदारी पानसे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती.

याच काळात महादजी शिंद्यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी द बॉयन नावाच्या परदेशी सेनानीला नोकरीस ठेवले, त्याच्याकरवी पलटणी उभ्या केल्या, तोफा ओतविल्या. त्या बळावर उत्तरेत त्यांचा दरारा बसला. परंतु १८०३ साली दौलतरावांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा द बॉयनच्या जागी आलेला पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला, आणि फौजेतले इंग्रज अधिकारीही गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्यानुसार चाकरी सोडून निघून गेले. असईच्या रणांगणावर तोफांपाशी मरेपर्यंत उभे राहिले ते या देशातले साधे गोलंदाज. इंग्रजांची सर्वांत मोठी हानी त्यांनीच केली. म्हणजे बाहेरून आणलेला माणूस निरुपयोगी ठरला असे नाही. त्याने शिकविलेली विद्या येथल्या हातांत उतरली होती, आणि शेवटी तीच उपयोगी पडली.

बाहेरून आणलेला माणूस एक दिवस निघून जातो. तेव्हा मागे काय उरते, हा प्रश्न आज मी क्रिकेटच्या मैदानावर नेऊन पाहणार आहे. एखाद्या प्रांताने आपले गोलंदाज घरी घडवावेत की बाहेरून आणावेत, हा वाद आपल्याकडे नव्वद वर्षांचा आहे, आणि तो महाराष्ट्राच्या जिव्हारी लागणारा आहे.

गोलंदाजच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण सरळ आहे. फलंदाज कितीही पराक्रमी असला तरी तो सामना हरण्यापासून वाचवितो. पुरा सामना निकालात जिंकायचा तर प्रतिपक्षाचे वीस गडी बाद करावे लागतात. ते काम गोलंदाजाचे. आणि गोलंदाज लवकर झिजतो. त्याचा खांदा, पाठ, गुडघा ही त्याची हत्यारे, आणि ती रोज वापरून बोथट होणारी. म्हणून एक गोलंदाज मिळविणे पुरत नाही; त्याच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा तयार असावा लागतो.

रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. पहिली दोन वर्षे मुंबई जिंकली. तिसऱ्या वर्षी, १९३६-३७ साली, नवानगर संस्थानाने करंडक नेला. त्या संघाचा कर्णधार होता बर्ट वेन्स्ली, इंग्लंडातल्या ससेक्सचा व्यावसायिक गोलंदाज. संस्थानिकाने पदरी ठेवलेला परका माणूस, असे म्हणून त्याला बाजूला सारता येईल. परंतु त्याच संघात जामनगरचाच एक विशीच्या आतला मुलगा होता, विनू मंकड. त्याच्या डावखुऱ्या फिरकीला वळण लावण्यात वेन्स्लीच्या शिकवणीचा मोठा वाटा होता. वेन्स्ली गेला, मंकड उरला, आणि पुढे तो साऱ्या देशाच्या कामी आला.

होळकरांच्या संघाची कथा याहून मोठी आहे. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ साली होळकरांच्या बोलावण्यावरून इंदुरास गेले. मुश्ताक अली तर इंदूरचेच. पण त्यांच्याभोवती संघ जमला तो चारी दिशांनी. सागरास जन्मलेले आणि महाराष्ट्राकडून खेळून गेलेले फिरकी गोलंदाज चंदू सरवटे आले, नागपूरचे हिरालाल गायकवाड आले, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आले. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर त्या वेळी लष्करी नोकरीनिमित्त हिंदुस्थानात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा काढून गेला. तरी तो सामना मुंबईने जिंकला. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजयी झाला. असा दबदबा फार थोड्या संघांच्या वाट्याला आला आहे.

परंतु संस्थान विलीन झाले, राजाश्रय आटला, आणि १९५५ नंतर होळकर हे नाव स्पर्धेतून पुसले गेले. सरवटे, गायकवाड यांच्यासारखे लोक पुढेही त्या भागात खेळले; तरी होळकरांनी शेवटचा करंडक जिंकला १९५२-५३ साली, आणि त्या भूमीत तो पुन्हा यायला मध्य प्रदेशाला २०२१-२२ चा मोसम उजाडावा लागला. मध्ये जवळजवळ सत्तर वर्षे गेली. दरबाराने मोहरे गोळा केले होते. मोहरे घडविणारी टाकसाळ मात्र उभी राहिली नव्हती.

ती टाकसाळ मुंबईत होती. १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग पंधरा वर्षे मुंबईने करंडक राखला. या पंधरा वर्षांत एक मोठा मजेचा प्रयोग घडला. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात आपला संघ पाचही कसोटी सामने हरला. नरी काँट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागून तो मरणाच्या दारातून परतला. तेव्हा आपल्या फलंदाजांना वेगाची सवय व्हावी म्हणून १९६२-६३ च्या मोसमात नियामक मंडळाने वेस्ट इंडीजचे चार वेगवान गोलंदाज येथे आणले. गिल्ख्रिस्ट हैदराबादकडून खेळला, वॉट्सन दिल्लीकडून, किंग बंगालकडून आणि स्टेयर्स मुंबईकडून. त्या वर्षीही करंडक मुंबईनेच घेतला. पण त्याचे श्रेय स्टेयर्सला देण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की तो येण्यापूर्वी मुंबई सलग चार वेळा जिंकली होती आणि तो गेल्यावर सलग दहा वेळा जिंकली. उरलेल्या तिघांना वेगाचे पाहुणे मिळूनही करंडक मिळाला नाही.

आणि देशाला काय मिळाले? फलंदाजांनी एक मोसम वेग पाहिला. वेगवान गोलंदाज मात्र त्यातून निपजले नाहीत, कारण तो हेतूच नव्हता. पुढे कित्येक वर्षे आपण नवा चेंडू कधी यष्टिरक्षकाच्या तर कधी सलामीच्या फलंदाजाच्या हाती देत होतो. १९७८ साली कपिल देव आला, आणि १९८७ साली चेन्नईत डेनिस लिलीच्या देखरेखीखाली वेगवान गोलंदाजांची शाळा निघाली, तेव्हा कोठे वारे फिरले. लिलीही परकाच, ऑस्ट्रेलियाचा. परंतु तो येथे बळी मिळवायला आला नव्हता. बळी मिळविणारे घडवायला आला होता. आणणे आणि आणणे यांत एवढे अंतर असते.

मुंबईच्या टाकसाळीत असे काय होते? शाळाशाळांतल्या हॅरिस आणि गाइल्स ढालींच्या स्पर्धा होत्या, कचेऱ्यांच्या संघांचे सामने होते, आणि १९४८ पासून भर पावसाळ्यात चालणारी डॉ. कांगा यांच्या नावाची साखळी स्पर्धा होती. ओली खेळपट्टी, चिखलाचे मैदान, आणि एका टोकाला काल कसोटी खेळून आलेला वीर तर दुसऱ्या टोकाला शाळेतले पोर. त्या पोराने त्या वीराला बाद केले, की रविवार संध्याकाळपर्यंत ही वार्ता साऱ्या मैदानांवर पोहोचलेली असे. पद्माकर शिवलकर याच रिवाजातला. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात मद्रासेस तमिळनाडूविरुद्ध त्याने पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेणाऱ्या या गृहस्थाला एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. घरच्या परंपरेचे बळ यापेक्षा कोणत्या मापाने मोजावे?

आता आपल्या घराकडे वळू. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात मुंबईपुढे महाराष्ट्र उभा होता. मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर हे सारे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर. सुधीर नाईक या तरुणाच्या हाताखाली मुंबईने उरल्यासुरल्यांचा संघ उतरविला, आणि तरीही महाराष्ट्र हरला. त्यानंतर १९९२-९३ साली पंजाबने आणि २०१३-१४ साली कर्नाटकाने आपल्याला अंतिम सामन्यातून रिकाम्या हाती परत पाठविले. महाराष्ट्राचे रणजी करंडक दोनच : १९३९-४० आणि १९४०-४१ चे.

ते दोन करंडक प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली आले. पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकविणारा हा माणूस पन्नाशीला टेकला असता मुंबईविरुद्ध २४६ धावा काढीत होता. त्या काळच्या महाराष्ट्राच्या गोलंदाजांची नावे पाहा. सांगलीचे विजय हजारे, चंदू सरवटे, आणि कोवळ्या वयातले फिरकी गोलंदाज सदू शिंदे. यांपैकी हजारे बडोद्याच्या महाराजांच्या नोकरीत गेले आणि बडोद्याला करंडक मिळवून देणाऱ्यांत अग्रणी ठरले. सरवटे होळकरांकडे गेले. शिंदे पुढे मुंबईकडून आणि बडोद्याकडून खेळले. यांत त्यांचा दोष तो काय? संसार चालवायचा तर पगार हवा, आणि तो दरबारात मिळत होता. देवधरांजवळ विद्या होती, शिस्त होती, माणसे जोडण्याची हातोटी होती, तिजोरी नव्हती. बडोदे आणि इंदूर ज्यांना 'बाहेरून आणीत' होते, ते आपल्याच घरून जात होते.

आणि ही जुनी खोड आहे. तिचे मूळ पाहायचे तर आणखी पन्नास वर्षे मागे जावे लागेल. पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात पाळवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातला तरुण मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर होता. झाडलोट करावी, रूळ फिरवावा, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत. ग्रेग नावाचा कॅप्टन तासन्‌तास त्याच्या गोलंदाजीवर हात साफ करून घेई. साहेबांना या तरुणाचे मोल कळले होते. पण बॅट त्याच्या हाती देण्याची त्यांचीही तयारी नव्हती. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि हरविणारा गोलंदाज गावातच होता. तरी त्याला संघात घ्यावे की नाही यावर खल झाला. शेवटी घेतले. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांना चालला. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. पुढे तो मुंबईस गेला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरविले त्या विजयात त्याचा मोठा हात होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सगळ्या सामन्यांत मिळून त्याने ११४ गडी बाद केले. एवढे करूनही हिंदू संघाचे नेतृत्व त्याला कधी मिळाले नाही. १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला, तेव्हा ती कोंडी फुटली.

म्हणून 'घरचा' या शब्दाविषयी आपण सावध असले पाहिजे. गावात जन्मला तो घरचा, एवढे म्हणून भागत नाही. ज्याला घराने आत घेतले, जेवू घातले, चुकू दिले आणि पुन्हा उभे केले, तो घरचा. बाळू पुण्याचा होता. पुण्याने त्याला घरचा मानले नाही. घराचे दारच बंद असेल तर आतला माणूसही बाहेरचा होतो.

बाळूच्या काळची गोष्ट जुनी झाली, असे कोणी म्हणू नये. अहिल्यानगर, तेव्हाच्या अहमदनगर, जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा जहीर खान हा डावखुरा वेगवान गोलंदाज विशीच्या आत मुंबईस गेला. तेथे त्याला घडविले ते त्याच सुधीर नाईकांनी, ज्यांनी १९७१ साली महाराष्ट्राच्या हातचा करंडक नेला होता. पुढे चेन्नईच्या गोलंदाजी शाळेत त्याचा कस वाढला आणि तो बडोद्याकडून खेळू लागला. २०००-०१ च्या अंतिम सामन्यात रेल्वेचा डाव कोसळवून बडोद्याला करंडक देणारा तोच. नंतर तो मुंबईकडून खेळला. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले, तेव्हा आपण सर्वांनी 'आपला जहीर' म्हणून टाळ्या वाजविल्या. तो आपला होता खरा, पण महाराष्ट्राच्या संघाचा कधीच नव्हता.

हा पेच आपल्यापुरता नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू टप्पा न पाडता फेकतात, आणि फेकणाऱ्या गड्याच्या खांद्यावर सारा संघ उभा असतो. सेंट लुईस येथील ब्रँच रिकी या व्यवस्थापकाजवळ मोठ्या शहरांइतका पैसा नव्हता. म्हणून १९२० च्या दशकात त्याने लहान गावांतले संघ हाताशी धरून तेथे पोरे वाढविण्याची रीत घातली. तिला त्या लोकांनी चक्क 'शेती' असे नाव दिले. १९२६ साली त्याचा संघ विजेता झाला. उलट न्यूयॉर्कच्या धनाढ्य संघाने १९७४ च्या अखेरीस हंटर नावाचा नामांकित फेकी मोठी रक्कम मोजून आणला. पहिल्या वर्षी त्याने तेवीस सामने जिंकले, तरी संघ आपल्या गटात तिसरा आला. पुढे हंटरचा खांदा दुखावत गेला. १९७८ साली त्याच संघाला विजेतेपदाकडे नेले ते प्रामुख्याने गिड्री या घरी वाढविलेल्या गड्याने, पंचवीस सामने जिंकून आणि केवळ तीन हरून. पैसा वाईट नव्हे. पण पैशाने पीक विकत मिळते. जमीन कसावीच लागते.

ती जमीन कसता येते, याचे ताजे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत वर्षानुवर्षे खालच्या पायरीवर होता. २००९ च्या सुमारास नागपुरात मुलांसाठी निवासी अकादमी निघाली. चंद्रकांत पंडित हे प्रशिक्षक आणि वसीम जाफर हा फलंदाज, दोघेही मुंबईचे, पुढे विदर्भाने आणले. परंतु बळी घेणारे हात बहुतेक घरचे होते. खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव टेनिसच्या चेंडूने खेळत वाढला आणि विसाव्या वर्षाच्या आसपास खऱ्या चेंडूकडे वळला, तरी कसोटीपर्यंत गेला. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने दिल्लीचे लागोपाठ तीन गडी टिपले, आणि तेही इंदुरास, होळकरांचे नाव मिरविणाऱ्या मैदानावर. पुढच्या वर्षी चंदू सरवट्यांचेच आडनाव लावणाऱ्या आदित्य सरवटेने अंतिम सामन्यात अकरा बळी घेऊन करंडक राखला.

खरी परीक्षा पुढे झाली. गुरबानी महाराष्ट्राकडे आला. सरवटे केरळकडे गेला, आणि २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्धच उभा राहिला. होळकरांची किंवा देवधरांची पुनरावृत्ती होणार, असे वाटावे असा हा प्रसंग. परंतु सरवटेची जागा रिकामी राहिली नव्हती. हर्ष दुबे हा विदर्भाचा दुसरा डावखुरा फिरकी गोलंदाज त्या मोसमात ६९ बळी घेऊन रणजी स्पर्धेचा विक्रम मोडून बसला होता. पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक पुन्हा विदर्भाकडे आला. माणूस गेला तरी मागे काही उरते ते असे.

आणि आता शेवटी गहुंजे. ते आपल्या तालुक्यातच, द्रुतगती मार्गालगत. २०१२ पासून तेथे भव्य क्रीडागार उभे आहे. लिलावात बोली लावून जमविलेले पुण्याच्या नावाचे दोन संघ त्याने पाहिले. पहिला २०११ ते २०१३ असा तीन मोसम टिकला. दुसरा २०१६ साली आला. २०१७ साली त्याने इंग्लंडचा बेन स्टोक्स साडेचौदा कोटींना घेतला, पोरबंदरच्या जयदेव उनाडकटने त्याच्यासाठी चोवीस बळी मिळविले, अंतिम सामना अवघ्या एका धावेने हुकला, आणि संघाची मुदत संपली. त्या रात्रींचा आनंद खोटा नव्हता. तेथे टाळ्या वाजविणाऱ्यांत मावळची पोरे होती. पण ज्या दिवशी ते संघ गेले, त्या दिवशी मावळात एक तरी सरावाची जाळी अधिक उरली का, एक तरी शिक्षक मागे राहिला का, हा प्रश्न आपण विचारला नाही.

मावळच्या शेतांत भातकापणी झाली, की खाचरे सपाट करून टेनिसच्या चेंडूचे सामने सुरू होतात. त्यांत एखादे पोर अनवाणी धावत येऊन असा चेंडू टाकते, की पाहणाऱ्याने थबकावे. त्या पोराला खरा लाल चेंडू, धड खेळपट्टी आणि डोळस शिक्षक मिळायला गहुंजे जवळ असून पुरत नाही; कोणीतरी त्याला हात धरून तेथे न्यावे लागते, आणि तेथे कोणीतरी दार उघडावे लागते. ग्रामपंचायतीने एक मैदान राखले, शाळेने एक जाळी लावली आणि जुन्या खेळाडूने आठवड्यातून दोन संध्याकाळ दिल्या, तर एवढ्याने सुरुवात होते. बाहेरचा गोलंदाज जरूर आणावा. पण आणताना त्याच्याशी एक करार करावा, की जाण्यापूर्वी त्याने येथल्या दोन मुलांचे हात घडवून जावे.

पानशांच्या तोफा आता नाहीत. तळेगावच्या तळ्यात तोफा लोटणारेही गेले. गोलंदाज हा शब्द मात्र आपल्याजवळ राहिला आहे. तो पुन्हा मावळच्या मुलाच्या नावापुढे लागावा, आणि तेव्हा तो मुलगा आपल्याच संघात असावा, एवढीच अपेक्षा.